आत्याची खूण

मी निवृत्त फौजी, मुक्काम इंदूर. युद्धाच्या गोष्टी ऐकायला मिळतील म्हणून आला असाल, तर आधीच माफी मागतो. आज मी माझ्या आत्याबद्दल बोलणार आहे, आणि तिच्यासाठी बोलकं पुस्तक शोधताना मी केलेल्या चुकांबद्दल.

आत्या ८७ वर्षांची आहे. सगळी हयात मराठी शिकवण्यात गेली. मी सीमेवर असताना दर दोन-तीन महिन्यांनी तिचं पुस्तकांचं पार्सल यायचं. माझं मराठी टिकलं ते त्या पार्सलांमुळे. काही वर्षांपूर्वी मॅक्युलर डीजनरेशननं तिची मधली नजर गेली. कडेचं थोडं दिसतं, त्यावर ती घरात वावरते. अक्षर मात्र दिसत नाही. या वयात बोटांची संवेदनाही कमी झालेली, त्यामुळे ब्रेल शिकणं जमण्यासारखं नव्हतं.

मी रोज संध्याकाळी तिला वाचून दाखवू लागलो. एकदा क्रिकेटची मॅच सुरू व्हायची होती, म्हणून मी हळूच दोन पानं गाळली. आत्या म्हणाली, "बाळ, मधलं काहीतरी राहिलं का रे?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तीच म्हणाली, "तू वाचतोस, बरं वाटतं. पण दुसऱ्याच्या सवडीनं वाचणं म्हणजे दुसऱ्याच्या भुकेनं जेवणं."

झालं, मी मोहीम हाती घेतली. पहिली चूक म्हणजे स्मार्टफोन आणला. त्यात टॉकबॅक नावाची सोय असते, बोट ठेवाल ते फोन बोलून सांगतो. एकदा टिचकी मारली की नाव ऐकू येतं, दोनदा मारली की उघडतं. तुम्हा-आम्हाला सोपं. पण आत्याचा हात थरथरतो, आणि गुळगुळीत काचेवर बोटाला काही लागतच नाही. आठ दिवसांत फोन कपाटात गेला.

दुसऱ्यांदा पेन ड्राइव्ह लावायचा, बटणांचा प्लेअर आणला. बटणं हाताला कळायची. पण बंद करून पुन्हा लावला की गाडी पहिल्या प्रकरणावर! आत्या वैतागली. "शाळेत मी मुलांना पुस्तकात खूण ठेवायला शिकवलं. याच्यात खूण ठेवता येत नाही का?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. फौजेत सामान निवडताना, ते पाठीवर वाहणाऱ्या जवानाला आधी विचारावं, हे मी आयुष्यभर इतरांना सांगितलं. घरात मात्र आत्याला न विचारताच दोन वस्तू आणल्या.

तिला हवं होतं ते डेझी नावाच्या पद्धतीत सापडलं. यात पुस्तक नुसतं ध्वनिमुद्रित नसतं, त्याला प्रकरणं, उपप्रकरणं, कधी पानंसुद्धा जोडलेली असतात. प्रकरण ओलांडता येतं, मागं येता येतं, खूण ठेवता येते, वेग कमी-जास्त करता येतो. डेझी प्लेअरला बोटाला कळणारी मोठी बटणं असतात, आणि बंद केला तरी तो आपली जागा विसरत नाही.

पुस्तकांसाठी 'सुगम्य पुस्तकालय' आहे. केंद्र सरकारच्या दिव्यांगजन विभागानं डेझी फोरम ऑफ इंडिया आणि टीसीएस यांच्यासोबत २०१६ साली सुरू केलेलं हे ऑनलाइन ग्रंथालय. त्यात मराठी पुस्तकंही आहेत, त्यामुळे तुम्ही बडोद्यात असा की हैदराबादेत, अडत नाही. दिव्यांगत्वाचा दाखला लागतो, तो आधी काढून घ्या. २०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात बदल झाला, म्हणून छापील पुस्तक दिव्यांगांसाठी अशा रूपात आणता येतं. पुढं याच विषयावरचा मराकेश करार २०१४ मध्ये मंजूर करणारा पहिला देश भारतच होता.

हे सगळं शोधताना मला एक गोष्ट कळली आणि मी गप्पच झालो. ब्रिटनमध्ये बोलक्या पुस्तकांसाठी धडपडलेला माणूस होता कॅप्टन इयान फ्रेझर. १९१६ च्या सोमच्या लढाईत गोळी लागून त्याची दृष्टी गेली. १९३५ साली तिथं ही सेवा सुरू झाली. तबकडीच्या एका बाजूला साधारण २५ मिनिटं वाचन मावायचं. आणि आपल्याकडं? डेहराडूनला कॅडेट असताना रविवारी आम्ही राजपूर रोडवर भटकायचो. त्याच रस्त्यावर दृष्टिहीनांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. तिचं मूळ १९४३ साली युद्धात आंधळ्या झालेल्या आपल्या जवानांसाठी उघडलेल्या वसतिगृहात आहे. मी त्या रस्त्यानं कितीदा गेलो, पण आत काय चालतं हे कधी विचारलं नाही. घरावर वेळ येईपर्यंत आपण विचारत नाही, हेच खरं.

तुमच्या घरी कुणी असेल तर चार गोष्टी सांगतो. आधी कान तपासून घ्या, ऐकू कमी येत असेल तर उत्तम यंत्रही वाया जातं. सुरुवात माणसाच्या आवाजातल्या पुस्तकानं करा. यंत्राचा आवाज जोडाक्षरांवर अडखळतो आणि नवा माणूस कंटाळतो. पहिल्या दिवशी एकच बटण शिकवा, सुरू आणि बंद. बाकीची नंतर. आणि पुस्तक तुम्ही निवडू नका. मी आत्यासाठी अध्यात्मावरचं काही भरणार होतो, तिला हव्या होत्या रहस्यकथा!

पुस्तकं उतरवून कार्डात भरण्याचं काम अजून माझंच आहे. पण कधी ऐकायचं, कुठं थांबायचं, कुठलं पान पुन्हा ऐकायचं, हे आता आत्या ठरवते.

परवा रात्री दोन वाजता तिच्या खोलीतून आवाज आला. प्लेअर चालू ठेवूनच झोपली असेल, म्हणून बंद करायला गेलो. अंधारातून आत्या म्हणाली, "हात लावू नकोस. खुनी कोण ते आत्ता कळणार आहे. जा, झोप तू."

मी निमूटपणे परत आलो. फौजेत इतक्या आनंदानं मी कुठलाच हुकूम पाळला नव्हता.