रोवण्याची कंबर

(आदिवासी सेवाकार्याच्या सहायक मंडळींच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण दरवर्षी औषधांसाठी प्रेमाने देणगी देता. त्यांतले सर्वांत आधी काय संपते, ते सांगते. तापाच्या आणि खोकल्याच्या गोळ्या उरतात. कंबरदुखीच्या गोळ्या आणि चोळायचा मलम उरत नाही. आणि हे होते ऑगस्टमध्ये, रोवणा आटोपत आला की.

आपला भंडारा जिल्हा तळ्यांचा आणि धानाचा. आपण ज्या गोंड आणि हलबा वस्त्यांवर जातो, तिथल्या बहुतेक बाया पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधीत रोवणा करतात. जिथे पाण्याची सोय आहे तिथे उन्हाळी धानही निघते, म्हणजे वर्षातून दोनदा रोवणा. सकाळी चिखलात उतरलेली बाई जेवणापुरती बांधावर येते आणि पुन्हा वाकते. पाय पाण्यात, पाठ आभाळाकडे.

वाकल्याने नेमके काय होते? आपल्या शरीराचे सुमारे निम्मे वजन कमरेच्या वर असते. 45 किलोची बाई कमरेतून वाकून उभी राहिली, की वीस-बावीस किलोचा भार पाठीच्या खालच्या स्नायूंना धरून ठेवावा लागतो. तोही जवळ नाही, पुढे लोंबणारा. भरलेली बादली छातीशी धरणे आणि हात लांब करून धरणे यात जो फरक, तोच इथे. स्नायू थकले की ताण मणक्यांच्या मधल्या गाद्यांवर जातो. एका दिवसात काही बिघडत नाही. वीस पावसाळ्यांत बिघडते, आणि मग चाळिशीतली बाई 'आता म्हातारपण आलं जी' म्हणते. चाळिशीत कसले म्हातारपण? मी स्वतः त्याच वयाची आहे.

लूकच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, अठरा वर्षे वाकलेली एक स्त्री आहे. प्रभूने तिला शब्बाथ दिवशी सरळ केले, तेव्हा सभास्थानाचा अधिकारी रागावला. प्रभूने त्याला बैलाचे आणि गाढवाचे उदाहरण दिले: त्यांना तुम्ही शब्बाथ दिवशीही सोडून पाण्यावर नेताच ना? मला हा भाग नेहमी बांधीच्या काठावर आठवतो. बैलाच्या खांद्याला जू घासले तर आपला शेतकरी दोन दिवस बैल जुंपत नाही. कमरेला तेवढी सुट्टी नाही.

याचे मोठे कारण मजुरीच्या पद्धतीत आहे, असे मला वाटते. रोजीने काम असले तर बाया मध्ये उभ्या राहतात, तंबाखू मळतात, हसतात. एकराच्या ठेक्याने घेतले की कोणी मान वर करत नाही, कारण लवकर संपले तर दुसरी बांधी मिळते. पोटासाठी त्या स्वतःच स्वतःला पळवतात. म्हणून 'मधून मधून विश्रांती घ्या' असा नुसता फलक लावून उपयोग नाही.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात शेतमजुरांना हातभर दांड्याच्या कुदळीने, दिवसभर वाकून निंदण करावे लागे. लांब दांडा दिला तर पीक खराब होईल, असे मालकांचे म्हणणे होते. डॉक्टरांनी पाठीच्या इजांबद्दल साक्ष दिली, मजूर न्यायालयात गेले आणि 1975 मध्ये ती कुदळ बंद झाली. दांडा लांब झाला आणि शेती चालूच राहिली.

आपल्याकडे काय करता येईल? पहिले म्हणजे, रोवणाऱ्या जुन्या बायांकडून शिकावे. त्या एक पाय पुढे टाकतात, गुडघे थोडे सैल ठेवतात आणि पऱ्ह्यांची पेंढी धरलेल्या हाताचे कोपर मांडीवर टेकवतात. त्याने कमरेवरचा बराच भार मांडी घेते. नव्या मुली पाय ताठ ठेवून वाकतात, त्यांना कोणीतरी हे सांगायला हवे. दुसरे, पऱ्हे काढणे, पेंढ्या वाहणे आणि रोवणे ही कामे पाळीपाळीने बदलावीत. एकीनेच दिवसभर रोवू नये. दर अर्ध्या तासाला उभे राहून, कमरेवर हात ठेवून चार-पाच वेळा मागे वाकावे. दोन मिनिटेही लागत नाहीत.

श्री पद्धतीची लागवड हाही एक मार्ग आहे. 20 बाय 15 सेंटीमीटरवर रोवले तर एका चौरस मीटरला सुमारे 33 ठिकाणी हात चिखलात जातो. 25 बाय 25 वर 16 ठिकाणी. म्हणजे वाकून हात घालणे निम्मे. पण तिला पाणी नीट राखावे लागते आणि तण जास्त येते, म्हणून उभ्याने ढकलायचे कोनोवीडर लागते. साकोलीला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे जाऊन विचारावे. कापणीसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा दातेरी वैभव विळा चांगला. त्याने मनगटाला झटका कमी बसतो.

एक धोक्याची खूण मात्र लक्षात ठेवा. पायात मुंग्या येऊन तो बधिर होत असेल किंवा पायातली ताकद गेली असेल, तर मलम चोळत बसू नका, डॉक्टरकडे न्या. लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी दवाखान्यात. आणि दर आठवड्याला कमरेत इंजेक्शन घेऊन बांधीत उतरणे बंद व्हायला हवे. दुखणे दबते, इजा वाढत राहते.

आता आपल्याकडे मागणे. मलमाची देणगी थांबवू नका, पण तिच्यातला काही भाग कोनोवीडर आणि विळ्यांसाठी वळवू द्या. एक अवजार चार-पाच घरे मिळून वापरू शकतात. आणि या सभागृहात ज्यांची स्वतःची बांधी आहे, त्यांना माझी विनंती आहे: यंदा रोवणा ठेक्याने न देता रोजीने द्या. ठेकाच द्यायचा असेल तर सकाळी एक आणि दुपारी एक अशी अर्ध्या-अर्ध्या तासाची सुट्टी त्यात धरा आणि तेवढे पैसे वाढवा. रोवणा जुलैत लागतो, पण बोलणी जूनमध्येच होतात. सभा संपल्यावर मी दाराशी वही घेऊन बसणार आहे. नाव आणि किती एकर, एवढेच लिहायचे आहे.