वर्षअखेरचा हिशेब

(संस्थेच्या वार्षिक समारंभात चिपळूणच्या एका माजी नगरसेवकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीससाहेबांनी मला विषय दिला तो असा, की नगरसेवक वर्षभर काय करतो ते मुलांना सांगा. विषय ऐकून मला थोडे हसू आले. आमच्या कामाला लोक 'गटार, वॉटर, मीटर' म्हणतात आणि त्यात खोटे काही नाही. डिसेंबर आला की प्रत्येक नगरसेवक आपल्या प्रभागातील कामांचा एक अहवाल छापतो. एवढे मीटर गटार, एवढ्या खांबांवर दिवे, अमुक गल्लीत काँक्रीट, आणि वर स्वतःचा फोटो. मीही चार वर्षे असे अहवाल छापले. २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या आमच्या नगरपरिषदेची मुदत २०२१ च्या डिसेंबरात संपली, तेव्हा पाचवा अहवाल लिहावयास बसलो. पण तो काही छापला गेला नाही. आज मी तुम्हाला तो न छापलेला हिशेब सांगणार आहे.

२२ जुलै २०२१ ही तारीख तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरांच्या भिंतींवर अजून असेल. वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांचे पाणी पहाटेच गावात शिरले. आपल्याकडे जुन्या माणसांनी २००५ च्या पुराची खूण लक्षात ठेवली होती. पाणी चढू लागले तसे लोकांनी त्या खुणेच्या वर सामान ठेवले आणि निर्धास्त राहिले. या वेळी पाणी कित्येक ठिकाणी ती खूण ओलांडून गेले. घरातली पत्र्याची पेटी, जिच्यात लग्नाच्या साड्यांखाली कागद ठेवण्याची आपली पद्धत, ती माळ्यावर ठेवलेली असूनही भिजली.

पहिले काही दिवस कोणी कागद आठवत नव्हते. चिखल काढणे, प्यायचे पाणी, म्हाताऱ्यांची औषधे, एवढेच काम होते. राज्यभरातून माणसे मदतीला आली. कोण कोणत्या धर्माचा हे त्या दिवसांत कोणी विचारले नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो. पुढे पंचनामे झाले, शासनाचे दहा हजार रुपयांचे साहाय्य जाहीर झाले, आणि मग माझ्या दाराशी एक वेगळीच रांग लागली. ती ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत हटली नाही.

त्या वर्षी करोनामुळे दहावीची परीक्षा झाली नव्हती. अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला तो १६ जुलैला, म्हणजे पुराच्या सहा दिवस आधी. मुले अकरावीच्या तयारीत, आणि घरात जन्मदाखला नाही, रेशनकार्ड नाही, बापाच्या शाळेचा दाखला नाही. मी एक शंभरपानी वही घातली. तीत नाव, पत्ता आणि काय काय गेले ते लिहून घेऊ लागलो. ती भरली तेव्हा दुसरी आणली.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांना वाटते, नगरसेवकाने सही-शिक्का मारला की कागद तयार झाला. मी 'हे येथील रहिवासी आहेत' असे पत्र देऊ शकतो. त्यापलीकडे माझ्या सहीने काहीही मिळत नाही. जन्मनोंद नगरपरिषदेच्या निबंधकाकडे, शाळेचा दाखला मुख्याध्यापकाकडे, गुणपत्रिका रत्नागिरीच्या विभागीय मंडळाकडे, उत्पन्नाचा दाखला तहसीलमध्ये. नगरसेवकाचे काम एवढेच, की कोणत्या दारापासून सुरुवात करावयाची ते सांगणे आणि माणूस दोनदा परत आला तर तिसऱ्यांदा त्याच्याबरोबर जाणे. हे काम अहवालात छापता येत नाही. त्याचा फोटोही निघत नाही.

आणि ही वही लिहिताना जे दिसले ते पुरापेक्षा वाईट होते. पुराने कागद नेले, ते बहुतेक परत मिळाले, कारण मूळ नोंदी कोठे ना कोठे होत्या. आधार तर संगणकातच होते. पण जे कागद परत मिळाले ते एकमेकांशी जुळेनात! आपली मुले उर्दू शाळेत गेली तर तेथे नाव उर्दूत लिहिले जाते. जन्मनोंद मराठीत असते. आधार आणि बँकेचे पुस्तक इंग्रजीत. एकाच मुलीची फातिमा, फातमा आणि फातेमा अशी तीन नावे होतात. बापाच्या नावात महंमद कधी आहे, कधी नाही, तर कधी नुसता 'मो.' आहे. मुलीच्या नावापुढे एका ठिकाणी 'बी' लावले, दुसऱ्या ठिकाणी 'बेगम'. घरात याने काही बिघडत नाही, खिडकीवर मात्र सगळे बिघडते.

त्यातले एक प्रकरण मी सांगणार आहे, आणि ते सांगताना मला आनंद होत नाही.

एका रिक्षावाल्याची मुलगी त्या वर्षी दहावी झाली. गुण चांगले होते. रिक्षा पुरात गेलेली. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पन्नास टक्के गुण आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत, अशी अट होती. दोन्ही अटींत ती बसत होती. तिची आई कागद घेऊन माझ्याकडे आली. शाळेच्या नोंदीत मुलीच्या नावापुढे 'बी' होते, आधारवर नव्हते, आणि बँक खाते उघडून देत नव्हती. मी कागद चाळले. दुसऱ्या दिवशी आमच्या मुदतीतील अखेरच्या कामांच्या मंजुरीची सभा होती आणि त्यानंतर एका रस्त्याचे उद्घाटन. मी म्हणालो, "भाभी, हे दोन दिवस गडबडीचे आहेत, सोमवारी या." ती म्हणाली, "बरं भाई."

सोमवारी ती आली. त्याच दिवशी आम्ही आधार केंद्रात गेलो, दुरुस्तीचा अर्ज केला. दुरुस्ती होऊन आली तेव्हा अर्जाची मुदत संपलेली होती. मी आधीच गेलो असतो तर साधले असते का? मला वाटते, साधले असते. त्या बाईने मला एका शब्दाने बोल लावला नाही. मुलीने अकरावीची फी हप्त्यांनी भरली, आणि ते हप्ते फेडण्यासाठी आई दुपारची आणखी एका घरी कामाला जाऊ लागली. ज्या रस्त्याचे उद्घाटन मी त्या दोन दिवसांत केले त्याच्या कोनशिलेवर माझे नाव आहे. रस्ता चांगला झाला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मी हल्ली त्या बाजूने जाताना दुसऱ्या गल्लीने जातो.

पाचवा अहवाल का छापला नाही, ते तुमच्या ध्यानात आले असेल.

मुदत संपल्यावर नगरपरिषदेचा कारभार प्रशासकाकडे गेला, मी माजी झालो, तरी वही चालूच राहिली. तिच्यातून जे शिकलो त्यातले पालकांच्या उपयोगाचे तेवढे सांगतो. बाळ जन्मले की नोंद होते, पण पुष्कळदा नावाची जागा कोरी राहते आणि आपण ती तशीच सोडतो. जन्मनोंदीत नाव घालण्यास पहिल्या वर्षात फी नाही, आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत ते फी भरून घालता येते. पण पंधरा वर्षे थांबता कशाला? १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मनोंदणीचा सुधारित कायदा लागू झाला आहे. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच दाखवावा लागणार. तुमच्या धाकट्या मुलांना हे लागू आहे.

शाळेतील नोंदीविषयी तर मी हात जोडून सांगतो. नावात किंवा जन्मतारखेत चूक असेल तर मूल शाळेत असतानाच मुख्याध्यापकांकडे अर्ज द्या. ते प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवतात. एकदा शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला, की तीच दुरुस्ती डोंगराएवढी होते.

आपल्यातील मोमीन, बागवान, तांबोळी अशा इतर मागासवर्गात मोडणाऱ्या कुटुंबांना जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो बहुधा आजोबांच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात सापडतो. आजोबा हयात आहेत तोवर त्यांना विचारून ठेवा, कोणत्या गावच्या शाळेत किती इयत्ता शिकले. मी एका घराला तीन महिने मदत करीत होतो आणि शेवटी कळले, की आजोबा शिकले ते खाडीपलीकडच्या गावात, मामाकडे राहून! नातवाला हे ठाऊकच नव्हते.

शिष्यवृत्त्यांवर मात्र डोळे मिटून विसंबू नका. पहिली ते आठवीच्या मुलांना मिळणारी केंद्राची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती २०२२ पासून बंद झाली. योजना येतात आणि जातात. मुलाची नोंद मात्र जन्मभर त्याच्याबरोबर राहते.

मुख्याध्यापकांशी माझे बोलणे झाले आहे. येत्या रविवारी जोहरच्या नमाजनंतर मी येथे शाळेतच, तळमजल्यावरील पहिल्या वर्गात बसणार आहे. आठवी, नववी आणि दहावीच्या मुलांचे पालक यांनी जन्मदाखला, आधार, रेशनकार्ड आणि बँकेचे पुस्तक घेऊन यावे. प्रत्येकाची एक झेरॉक्स असू द्या. मूळ कागद मी ठेवून घेणार नाही. शक्य तर मुलाच्या आईने यावे, कारण नाव काय ठेवले होते ते तिला नक्की आठवते. तिसरी वही मी विकत घेऊन ठेवली आहे.