उंबऱ्यापुढची रांगोळी आणि हातातला फोन

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



‘फोन आणि आपण’ या विषयावर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. फोनच्या नावाने बोटे मोडणारी भाषणे आपण पुष्कळ ऐकली आहेत. ती ऐकताना पदराआड हळूच फोन पाहणाऱ्या भगिनीही मी पाहिल्या आहेत, आणि खरे सांगायचे तर त्यांत मीही होते. तेव्हा आज मी फोनला नावे ठेवणार नाही. आपण कोणाशी किती बोलतो, हे आपले आपल्यालाच दिसावे कसे, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

माझे लहानपण वाड्यात गेले. सकाळी आई अंगणात सडा घालताना तिची नजर सहज समोरच्या दारांवरून फिरे. एखाद्या उंबऱ्यापुढे उन्हे वर आली तरी रांगोळी दिसली नाही, की ती मला म्हणे, “जा गं, काकूंना बरे नाही का, पाहून ये.” कोणी हाक मारलेली नसे, कोणी निरोप धाडलेला नसे. रांगोळी आहे किंवा नाही, एवढ्यावरून घरातली खबर कळे. आणि सगळे ठीक असले, तर तीच रांगोळी कोणाच्या कामात लुडबूड करीत नसे.

हीच गोष्ट यंत्रांच्या बाबतीत शास्त्रज्ञांनाही सुचली, याचे मला मोठे नवल वाटले. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये झेरॉक्स कंपनीची एक संशोधनशाळा होती. तिथे नताली जेरेमिजेन्को या कलावतीने छतापासून सुमारे आठ फूट लांबीची प्लॅस्टिकची दोरी टांगली होती. दोरीच्या वरच्या टोकाला लहानशी मोटर होती आणि ती संगणकांना जोडणाऱ्या तारेशी जोडलेली होती. तारेतून निरोपांची ये-जा वाढली की दोरी गरगर फिरे. शांतता असली की मधूनच एखादा झटका देई. येणाऱ्याजाणाऱ्याला मान वर न करताही कळे, की आज काम जोरात आहे. या दोरीबद्दल मार्क वायझर आणि जॉन सीली ब्राउन यांनी १९९५ मध्ये लिहिले. यंत्राने सदा कानाशी ओरडू नये, नजरेच्या कडेला राहावे आणि गरज पडली तरच पुढे यावे, असे त्यांचे म्हणणे होते.

पुढे ही कल्पना फोनच्या पडद्यावर आली. २००८ च्या सुमारास सिअॅटल येथे संशोधकांनी काही माणसांच्या फोनवर बागेचे चित्र ठेवले. आठवड्याच्या आरंभी बाग मोकळी असे. माणूस जसजसा चाले, व्यायाम करी, तसतशी तीत फुले उमलत आणि ठरवलेले साधले की फुलपाखरू येई. थंडीच्या दिवसांत ज्यांच्या फोनवर बाग होती त्यांचा व्यायाम टिकला. ज्यांच्या फोनवर नव्हती त्यांचा घटला. २०११ मध्ये डार्टमथ विद्यापीठातल्या मंडळींनी फोनवर मत्स्यालय केले. त्यातले कासव झोपेचे, एक मासा हालचालीचा आणि माशांचा थवा माणसांत मिसळण्याचा. माणूस चारचौघांत किती बोलला, याचा अंदाज फोन आपल्या मायक्रोफोनवरून घेई आणि त्याप्रमाणे थवा लहानमोठा होई. २०२० मध्ये गूगलने केलेल्या एका चित्रात आपण फोन उघडला की एक बुडबुडा येतो. जितका वेळ फोन पाहू, तितका तो फुगतो.

हे सारे मला माझ्या नातीने सांगितले. ती संगणकाचे शिक्षण घेते. एका रविवारी ती म्हणाली, “आजी, तुझ्या बोलण्याचे असे चित्र काढू या का?” मी म्हटले, “काढ, पण मला समजेल असे काढ.” मग आम्ही दोघी कागदावर ठिपक्यांची रांगोळी मांडायला बसलो. फोनमध्ये कोणाचा फोन आला, कोणाला केला, कोणता घेतला नाही आणि किती मिनिटे बोललो, याची यादी असतेच. व्हॉट्सअॅपवरच्या फोनांची यादी निराळी, तीही घेतली. मधोमध मी आणि भोवती माणसे. एका फोनला एक ठिपका, बोलणे लांबले तर ठिपका मोठा, आणि न घेतलेल्या फोनला पोकळ ठिपका.

भगिनींनो, महिन्याचे चित्र पुरे झाले आणि मी गप्प झाले. स्नेहसंमेलनाच्या तालमींपायी दोघी मैत्रिणींकडे ठिपक्यांची नुसती रास पडली होती. एका कोपऱ्यात माझी थोरली बहीण, आक्का. ती सांगलीला एकटी असते. तिच्याकडे एक बारीकसा ठिपका आणि पुढे तीन पोकळ. तीन वेळा तिने फोन केला होता. मी तो घेतला नव्हता आणि उलट केलाही नव्हता. “रात्री करू” म्हटले असेल, आणि रात्र उलटून गेली असेल. विचारले असते तर मी छातीला हात लावून सांगितले असते, की आक्काशी माझे नेहमी बोलणे होते!

तिथल्या तिथे फोन लावला. आक्का म्हणाली, “काही नाही गं, तू कामात असशील म्हणून पुन्हा केला नाही.” पुष्कळ खोदून विचारले तेव्हा कळले, की ती न्हाणीघरात घसरली होती. मनगटाचे हाड मोडून पंधरा दिवस हात प्लॅस्टरमध्ये होता. शेजारची मुलगी रोज येऊन तिची वेणी घालून देत होती. तिसरा पोकळ ठिपका दवाखान्यातून घरी आल्या दिवसाचा होता.

आता यातून सगळ्यांनी फोनवर चित्रे लावावीत, असे मी म्हणणार नाही. चित्राला मोजता येते, तोलता येत नाही. दोन मिनिटांच्या बोलण्यात जन्माचा धीर मिळतो आणि चाळीस मिनिटांत नुसते भांडणही होते. शिवाय आक्काची वेणी घालणारी ती मुलगी कोणाच्याच फोनच्या यादीत नाही. जी माणसे हाकेच्या अंतरावर असतात, ती अशा चित्रातून निसटतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हे चित्र ज्याचे त्याने पाहायचे असते. नवी सून माहेरी किती वेळ बोलते, यावर डोळा ठेवणारी घरे आजही आहेत. त्यांच्या हाती असले चित्र पडले, तर ती रांगोळी राहणार नाही, चौकी होईल. म्हणून आपली नोंद कुठे जाते आणि कोण पाहते, हे विचारल्याशिवाय फोनला अशी कोणतीही परवानगी देऊ नये. फोनवरच्या ज्या चित्रासाठी मायक्रोफोन लागतो, त्याच्याबाबत तर दुप्पट सावध असावे.

मी स्वतः फार साधा उपाय केला आहे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या खाली पाच नावे लिहिली आहेत. त्या माणसाशी मनापासून बोलणे झाले, की नावापुढे कुंकवाचे एक बोट. चहाचे आधण ठेवताना नजर सहज तिकडे जाते. कोणी रागावत नाही, घंटा वाजत नाही. पण मोकळी जागा दिसते. गेल्या महिन्यात आक्काच्या नावापुढे नऊ बोटे उमटली. तिलाही ही युक्ती आवडली. हात बरा झाल्यावर तिने आपल्या कॅलेंडरवर माझे नाव लिहिले आणि मला बजावले, “तुझी बोटे कमी पडली तर मी मोजणार हं!”

जाता जाता मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपल्यातल्या कितीतरी भगिनी आज घरी एकट्या असतात. त्यांची संमती असेल, तर एकेकीने अशा एकीचे नाव आपल्या कॅलेंडरवर लिहावे. त्याला वर्गणी लागत नाही, ठराव लागत नाही. तीन दिवस कुंकू उमटले नाही, तर फोन करावा. आणि घर जवळ असेल, तर फोन ठेवून चपला घालाव्यात.