थाप भिडूलाही कळली नाही पाहिजे: ब्रिजमधली खोटी बोली

निलंग्यात पत्ते म्हटलं की मेंढीकोट, जजमेंट, रमी. आणि मोठी माणसं म्हणणार, "जुगार आहे, ठेव ते!" आज बोलूया ब्रिजबद्दल. जुगार नाही बरं का, २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी भारताला यात सुवर्णपदक मिळवून दिलं.

जजमेंट खेळला असाल तर अर्धं काम झालं. फरक इतकाच की इथे समोर भिडू असतो आणि बोली म्हणजे त्याच्याशी गप्पा. पण शब्द फक्त ३८: ३५ बोल्या, शिवाय पास, डबल, रिडबल. मी सॉफ्टवेअरवाला, मला हे प्रोटोकॉलसारखं वाटतं. चौघांनाही ऐकू जाणारा प्रोटोकॉल.

मग त्यात कुणी खोटं बोललं तर? त्याला 'सायकिक बिड' म्हणतात. अमेरिकेच्या डोरोथी सिम्स यांनी १९३२ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं.

हिशोब बघा. एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १, पूर्ण जोडात ४० गुण. साधारण १२ गुणांवर बोली उघडतात. भिडू पास, उजवीकडचा पास, आता माझी पाळी आणि माझ्याकडे फक्त ४ गुण. त्या दोघांकडे जास्तीत जास्त ११-११ धरले, तरी डावीकडच्याकडे किमान १४! तो बोलायच्या आधीच मी म्हणतो, "एक इस्पिक." हातात इस्पिकची दोनच पानं. आता त्याच्याकडे पाच इस्पिक असली तरी तो हुकूम म्हणून इस्पिक मागायला कचरतो.

धोका? भिडूही फसतो. त्याने विश्वासाने बोली वर चढवली की मेलो. पण तो आधी पास झालाय, म्हणजे त्याची उडी लांब जाणार नाही. म्हणून थाप बहुतेक तिसऱ्या पाळीला मारतात.

एकदा ऑनलाइन टेबलवर मला "चीटर" म्हणून मोकळे झाले. नियम काय सांगतो? थाप चालते. अट एकच: प्रतिस्पर्ध्यांना जेवढी शंका यावी, त्याहून जास्त शंका भिडूला यायला नको. छुपा इशारा, ठरवून केलेली थाप म्हणजे सरळ फसवणूक.

आणि खरी गोम पुढे आहे. तीच थाप वारंवार मारली, तर भिडूला तुमची सवय कळते. न ठरवताही तो समजुतीचा भाग होतो आणि मग ते समोरच्यांना सांगावं लागतं. म्हणजे प्रामाणिक थाप ही दुर्मीळच असते. रोज मारली की ती थाप उरत नाही, लपवलेला करार होतो.

मला हा नियम फार आवडतो. समोरच्याला चकवा, पण ज्या अंधारात त्याला ठेवलंय, त्याच अंधारात स्वतःच्या माणसालाही ठेवा. तेवढी जोखीम पेलत नसेल, तर गुपचूप पास म्हणा.

तुमच्या जजमेंटच्या डावात असं कोण करतं? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.