रुईवरची अळी आणि डार्विनची अडचण



वणी तालुक्यातील राजूर हे कोळशाचे व चुनखडीचे गाव. तरी तेथेही निसर्गपाठासाठी दूर जावे लागत नाही. परसातील लिंबावर फुलपाखराची अळी असते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते; मोठी झाली म्हणजे पानासारखी हिरवी होते. ती लपते, म्हणून वाचते. मग वाटेकडेच्या रुईवरील अळीने काळे, पांढरे, पिवळे पट्टे उघड्यावर का मिरवावेत? असे विद्यार्थ्याने विचारले आणि उत्तर सुचले नाही, तर शिक्षकाने ओशाळू नये.

१८६७ साली चार्ल्स डार्विनलाही हीच अडचण पडली होती. भडक रंग जोडीदारास आकर्षित करतात, असे त्याचे मत. परंतु अळीला जोडीदार कोठला? त्याने बेट्सला विचारले. ॲमेझॉनच्या अरण्यातील फुलपाखरांची सोंगे १८६२ साली जगापुढे मांडणारा हा निसर्गशास्त्रज्ञही निरुत्तर झाला व म्हणाला, वॉलेसला विचारा. वॉलेसने तर्क केला : अशी अळी बेचव असावी आणि तिचा रंग ही पक्ष्यांस दिलेली सूचना असावी, कारण एकदा चोच बसल्यावर बेचवपणाचा अळीस काय उपयोग? पण तो तर्कावर थांबला नाही. लंडनच्या कीटकशास्त्र मंडळास त्याने प्रयोगाची विनंती केली. १८६९ साली जेनर वीअरने आपल्या पाळीव पक्ष्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. पक्ष्यांनी साध्या रंगाच्या अळ्या खाल्ल्या, भडक रंगाच्या टाकल्या.

रुईच्या चिकातील विषारी द्रव्ये अळीच्या अंगी साठतात व पुढे तिच्या नारिंगी फुलपाखरातही उतरतात. त्याला 'प्लेन टायगर' म्हणतात. 'डॅनाइड एगफ्लाय' या दुसऱ्या फुलपाखराची मादी हुबेहूब त्याचे सोंग घेते; तिची अळी मात्र आपण भाजी करतो त्या घोळीवर वाढते. मागच्या पंखाच्या मध्यभागी प्लेन टायगरला तीन-चार काळे ठिपके असतात, सोंगाड्या मादीला एकच.

पावसाळ्यात मुलांना रुईपाशी न्यावे. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. अळी मारू देऊ नये. पक्षी तिला टिपतात की टाळतात, हे मुलांनी रोज पाहून वहीत लिहावे. "मला ठाऊक नाही, आपण पाहू," असे शिक्षक म्हणाला, तर शास्त्राचा पहिला धडा त्याने शिकविला असे समजावे.