डोळ्यामागचा पडदा



निपाणीतील एखाद्या विडी वळणाऱ्या आजीची कल्पना करा. टेंभुर्णीचे पान कातरायचे, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा. सारे काम नजरेचे. तिला मधुमेह आहे. डोळे दाखव म्हटले, तर ती म्हणते, “दिसतंय की चांगलं, मग डॉक्टर कशाला?” या प्रश्नाचे उत्तर आज शोधू.

आपल्या मुलखाला नेत्रशिबिरे नवी नाहीत. बिळगीत जन्मलेले डॉ. एम. सी. मोदी गावोगावी शिबिरे भरवून मोतीबिंदू काढीत. १९६८ साली त्यांना ‘पद्मभूषण’ने गौरविण्यात आले. मोतीबिंदू वाढला की अंधुक दिसू लागते आणि माणूस आपण होऊन डॉक्टरांचे दार ठोठावतो. मधुमेहाची रीत निराळी. डोळ्यामागच्या दृष्टिपटलातील सूक्ष्म रक्तवाहिन्या तो गुपचूप पोखरतो. दुखत नाही, खुपत नाही. नजरही बराच काळ शाबूत वाटते.

१८५१ साली जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांच्या नेत्रदर्शकामुळे जिवंत डोळ्यातील हा पडदा डॉक्टरांना पाहता येऊ लागला. पुढे कॅमेऱ्याने त्याचे छायाचित्र घेतले. १९९१ साली ‘ओसीटी’ ही पद्धत प्रसिद्ध झाली. तीत डोळ्याला न दिसणारा प्रकाश पटलाच्या थराथरावरून परततो आणि त्यावरून यंत्र पटलाचा जणू उभा छेद रेखाटते. पटल जेमतेम पाव मिलिमीटर जाड. तरी त्यावरील अल्पशी सूजही मोजता येते. सुई नाही, चीर नाही. हनुवटी टेकवून क्षणभर स्थिर बसावयाचे.

मात्र एका चित्राने अर्धीच हकीकत कळते. सूज वाढली की ओसरली, हे जुने चित्र शेजारी ठेवल्यावाचून कसे समजणार? आपल्या सीमाभागात कोणी बेळगावला जातो, कोणी कोल्हापूरला, कोणी मिरजेला. दवाखाना बदलतो आणि जुने चित्र मागेच राहते. म्हणून चित्राची प्रत मागून घ्यावी आणि रेशनकार्डाप्रमाणे जपावी. मधुमेह्याने वर्षातून एकदा तरी पटल तपासून घ्यावे. दोष वेळीच कळला, तर लेसरने वा डोळ्यातील इंजेक्शनांनी असलेली दृष्टी बहुधा राखता येते. गेलेली परत मिळविणे फार कठीण.

तेव्हा घरच्या आजीला “दिसतं ना?” एवढेच विचारून थांबू नका. “पडद्याचा फोटो कधी काढलास?” हेही विचारा.