मेंदूच्या पक्षाघातानें आखडलेल्या मुलांचा व्यायाम



सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात, झालेलें मूल आई कडेवरून खालीं उतरवीत नाहीं. कर्जत-खालापुरांत भातलावणीच्या दिवसांत तिला शेतावर जावें लागलें, तर तें पडवींत निजून राहतें. तिच्या मायेस आम्ही दोष देत नाहीं. परंतु मेंदूची इजा वाढत नसली, तरी हाडें वाढतात. ताठरलेले स्नायू मागें पडतात आणि सांधे आखडतात. व्यायामानें ताठरपणा वाढतो, ही डॉक्टरांचीही जुनी भीति पुढें खोटी ठरली.

मिथू अलूर यांनीं १९७२ सालीं मुंबईस अशा मुलांची शाळा काढली. तेथें शिक्षण व उपचार एकाच छपराखालीं आले. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं अपंग मुलांसही दिवसाला सरासरी ६० मिनिटांची हालचाल सांगितली. एवढें पहिल्याच दिवशीं कोणास झेपणार? पांच मिनिटेंही व्यर्थ नव्हेत.

त्यास यंत्र नको. बाकावरून पुनः पुनः उठणें-बसणें, कठडा धरून चालणें, बसल्या जागीं चेंडू टाकणें पुरे. बोच्चा नांवाचा असाच खेळ १९८४ पासून पॅरालिंपिकमध्यें आहे! सांधा मात्र जोरानें ओढूं नये; ताण कसा द्यावा, हें फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावें.

आणि रविवारीं मिस्सेस येतांना मुलास देवळाच्या दारापाशीं उतरवावें. बाकापर्यंत जेवढें चालवेल, तेवढें त्यास चालूं द्यावें. आम्ही वाट सोडून उभे राहूं.